गढूळ राहणारी बाटली

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्याच्या जुन्या शहरात पाय ठेवायला जागा नसते. गांधीग्रामहून पूर्णा नदीचं पाणी घेऊन निघालेल्या कावडी सुमारे अठरा किलोमीटर चालून राजराजेश्वराच्या देवळाशी पोचतात. १९४४च्या दुष्काळात ही परंपरा सुरू झाली, असं शहरात सांगतात. विज्ञान आणि मानववंशशास्त्र लोकांपुढं मांडणं हेच ज्याचं काम, त्या प्रस्तुत लेखकाला या गर्दीत दोन्ही शास्त्रं एकाच खांद्यावर दिसतात. शेकडो भरण्यांचा, म्हणजे पाण्याच्या भांड्यांचा, भार कसा वाटला, खांदा कधी बदलायचा, चढ आला की पुढच्यांनी काय करायचं, हे पदार्थविज्ञान. मंडळात कोण येतं, वर्गणी कोण जमवतं, खांदा द्यायचा मान कुणाचा, हे मानववंशशास्त्र. पण हे सगळं फलकावर लिहून टांगलं, तर कुणी ढुंकूनही बघत नाही. त्याऐवजी भरणे बांधायची दोरी कशी आवळता, एवढंच विचारावं. माणूस तासभर बोलतो.

ही रीत वऱ्हाडाला नवी नाही. १८७६ साली शेणगावात जन्मलेले, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात मामाकडे वाढलेले गाडगेबाबा कीर्तनात आधी प्रश्न टाकत. साधा, ज्याला कुणीही ‘हो’ म्हणेल असा. मग दुसरा, तिसरा. शेवटी नवसातली, बळीतली, कर्ज काढून केलेल्या सणातली विसंगती समोरच्या माणसाच्याच तोंडून बाहेर पडे. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्र्याला झालेल्या त्यांच्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण आहे. ते ऐकताना बाबांच्या आवाजाइतकंच लक्ष गर्दीच्या उत्तरांकडे द्यावं, कारण अर्धं कीर्तन तिथं आहे. आणि बाबा लोकांचे लाड करीत नव्हते, हेही ध्यानात ठेवायला हवं. सगळ्यांना सामावून घेणं म्हणजे सगळ्यांना बरं वाटेल तेवढंच बोलणं नव्हे. कावडीमुळं पाऊस पडतो का, असं कुणी सरळ विचारलं तर उत्तरही सरळ द्यावं: पाऊस पडतो तो समुद्रावरून येणाऱ्या बाष्पामुळं आणि हवेच्या दाबामुळं, कावडीमुळं नाही. मात्र ते विचारण्याआधीच माणसाच्या अंगावर फेकू नये.

मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे बर्लिनला जाऊन कवट्या मोजण्याचं शास्त्र शिकून आल्या. पुढं त्या पंढरीच्या वाटेवर दिंडीबरोबर चालल्या, आणि ‘वाटचाल’ हा लेख त्यातून आला. एकाच दिंडीत चालणाऱ्या, पण जातीप्रमाणं वेगळ्या पंगतीला बसणाऱ्या माणसांकडे बघून त्यांना झालेलं दुःख त्यांनी लपवलं नाही. आपल्याकडे मानववंशशास्त्र सामान्य वाचकाच्या घरात पोचलं ते अशा लेखणीनं, विद्यापीठाच्या अहवालानं नव्हे.

जुन्या शहरातल्या विज्ञानाच्या बैठकांत लेखक सहसा दोन काचेच्या बाटल्या घेऊन बसतो. दोन्हींत पावसाचं पाणी आणि खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यातल्या, वावराची मूठभर काळी माती. एकीत चिमूटभर जिप्सम. दोन्ही हलवून ओट्यावर ठेवायच्या आणि गप्पा मारायच्या. थोड्या वेळात जिप्समच्या बाटलीतली माती खाली बसते, वर नितळ पाणी येतं. दुसरी गढूळच. दुसऱ्या दिवशीही गढूळ.

पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा मिळून सुमारे ४.७ लाख हेक्टर जमीन अशी आहे. मातीतलं सोडियम चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटे ठेवतं. तेच कण जमिनीची छिद्रं बुजवतात. जिप्सममधलं कॅल्शियम त्यांना एकत्र आणतं. एवढं सांगून होईतो मागून कुणीतरी मावशी म्हणते, “हे तं आमाले मालूमच हाय. पानी पडलं का वावर फुगते, अन् चार दिसात दगड होते.” तिचं हे वाक्य वहीत आधी उतरतं, सोडियम खाली. तीच पुढं सांगते की खाऱ्या हिरीच्या पाण्यात डाय शिजत नाही. तेही खरं. खारं पाणी जडही असलं, तर त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीच्या पेशींमधलं पेक्टिन घट्ट करतं, म्हणून दाणा फुटत नाही. मग मुलं लगेच पकडतात: जे कॅल्शियम वावराला बरं करतं, तेच डाळीला का नडतं? इतका चांगला प्रश्न पुस्तकातून आला नसता. दोन्हीकडे कॅल्शियम एकच काम करतं, सुट्या गोष्टींना बांधून ठेवण्याचं. मातीला ते हवं असतं, डाळीला नको.

पाण्याबद्दल सगळ्यात जास्त माहिती पाणी भरणाऱ्या बायांना असते, आणि सभेत त्या दाराशी उभ्या असतात. म्हणून बैठकीची वेळ दुपारी तीनची, घरकाम आटोपल्यावरची. माईक नाही, व्यासपीठ नाही, सगळे सतरंजीवर. बोलणं वऱ्हाडीत. उर्दू शाळेतल्या मुलांसमोर उर्दू नीट बोलणारी शिक्षिका सोबत, आणि बाटल्या तिच्याच हातात.

अशाच एका बैठकीत एका मुलीनं विचारलं: जमिनीतलं हे मीठ मुळात आलं कुठून? उत्तर लांबलचक आहे. पूर्णेचं खोरं म्हणजे खचलेला भूभाग. त्यात शेकडो मीटर जाडीचा गाळ साठला. उतार कमी, निचरा मंद, ऊन कडक. पाणी उडून जातं आणि क्षार मागं राहतात. पण मूळ क्षार कुठले, यावर संशोधकांचं एकमत नाही, हेही लेखकानं तिला सांगितलं. मग दोघांनी मिळून एक कोरा कागद घेतला आणि गोड्या विहिरींची यादी सुरू केली: विहीर कुठली, पाणी कुठल्या महिन्यापर्यंत गोड राहतं, आणि सांगणारीचं नाव. पहिली नोंद त्या मुलीच्या आजीची आहे, तिच्या माहेरच्या मळ्यातल्या विहिरीची.