देवाचा हिस्सा

पुणे,
१२ जून

ती. आत्यास,


तुझं पत्र आणि सोबतचा मृत्युपत्राचा कच्चा मसुदा पोचला. अक्षर ओळखीचं, फळ्यावर लिहीत होतीस तसंच टपोरं. "घर आळीतल्या देवळास द्यावे. ह्यांच्या वृंदावनापाशी रोज सांजेला दिवा लागावा. उरलेली सर्व रक्कम धर्मकार्यास लावावी." एवढ्या तीन वाक्यांत तू आयुष्य आवरून ठेवलंयस. शेवटी मला विचारलंयस, देवाला दिलेलं कोण कशाला नाकारील?

नाकारतात गं. आणि नाकारणारे दरवेळी लोभीच असतात असंही नाही. म्हणून फोनवर हो-नाही न करता सविस्तर लिहिते आहे.

आधी घराचं, कारण मसुदा तिथेच अडतो. घर आतोबांच्या कमाईचं, आणि ते मृत्युपत्र न करता गेले. हिंदू वारसा कायदा १९५६ सालचा आहे. त्याप्रमाणे ते गेले त्या दिवशीच घराचे तीन सारखे हिस्सेदार झाले, तू आणि तुझी मुलं, दादा आणि ताई. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर तीन नावं लागली तेव्हा सरकारी कचेरीतली आणखी एक सही असं तुला वाटलं असेल. त्या सहीचा अर्थ असा की तुला देता येतो तो एक तृतीयांश. "घर देवळास द्यावे" हे वाक्य उरलेल्या दोन तृतीयांशाला लागूच होत नाही.

मग तू म्हणशील, माझा तिसरा हिस्सा तरी देते. दे, पण पुढचं चित्र डोळ्यांसमोर आण. कायद्याच्या नजरेत मूर्ती ही व्यक्ती आहे, तिच्या नावावर मिळकत राहू शकते. तुझ्यामागे त्या घरात दादा, ताई आणि देव असे तीन सहहिस्सेदार होतील. छप्पर गळलं तर खर्चासाठी विश्वस्तांच्या बैठकीची वाट पाहायची. घर विकायचं ठरलं तर देवाच्या हिश्श्यासाठी धर्मादाय आयुक्तांची परवानगी काढायची. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या ३६व्या कलमानं ती लागतेच, आणि ते योग्यच आहे, एरवी देवस्थानांच्या जमिनी कधीच गेल्या असत्या. पण माजघर, ओटी आणि मागची विहीर यांचे तीन तुकडे कसे पाडायचे? शेवटी वाटणीचा दावा होईल, एका बाजूला तुझी मुलं आणि दुसऱ्या बाजूला ज्याच्यासमोर तू रोज हात जोडतेस तो देव. हे तुला नको आहे, मला ठाऊक आहे.

आता "धर्मकार्यास लावावी" या शब्दांविषयी. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला, कारण याच शब्दावर मुंबईच्या एका मृत्युपत्राचं प्रकरण थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं होतं. रणछोडदास वंद्रावनदास विरुद्ध पार्वतीबाई, निकाल १८९९चा. मृत्युपत्रात देणगी 'धरम'साठी होती. आपल्याकडच्या पेढ्यांवर धर्मादाय खातं असायचं. त्यात जमलेल्या पैशानं काय करायचं हे कुणाला विचारावं लागत नसे. कुठे सदावर्त, कुठे पाणपोई, कुठे पांजरपोळ. लंडनमध्ये मात्र विल्सन या कोशकाराच्या कोशातला अर्थ पाहिला गेला. कोशात धर्म म्हणजे कायदा, सद्गुण, कर्तव्य. मग एवढ्या सैल शब्दावर न्यायालय अंमल कसा बसवणार, असं म्हणून देणगी रद्द झाली. त्यामागे इंग्लंडमधल्याच १८०५ सालच्या एका निकालाचा आधार होता. तिथे एका बाईनं बिशपला पटतील अशा परोपकाराच्या कामांसाठी मालमत्ता ठेवली होती, तीही अशीच मोडीत निघाली.

मला या निकालाचा राग येतो. ज्या शब्दावर अख्खा बाजार पैसा बाजूला काढत होता, त्याला कोशानं मोजलं. पण न्यायाधीशांचा मूळ प्रश्न मात्र मला टाळता येत नाही: देणारा गेल्यावर पैसा भलत्याच कामी लागला तर चुकलं असं कशाच्या आधारे म्हणायचं?

आपल्या राज्यात ही चूक ५१ वर्षांनी दुरुस्त झाली. १९५०च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात दहावं कलम मुद्दाम घातलं गेलं, की धर्म, धर्मादाय, पुण्यकार्य, पुण्यदान अशा उद्देशांसाठी केलेला सार्वजनिक ट्रस्ट केवळ उद्देश नेमका नाही म्हणून रद्द समजू नये. तेव्हा तुझं वाक्य लंडनमध्ये मेलं तसं आज तुझ्या वाईत मरणार नाही. पण जिवंत राहून ते काय करील? तू नसताना दादा म्हणेल आईला शाळा हवी होती, पुजारी म्हणतील सभामंडप, आणि ज्याच्या हाती पासबुक तो म्हणेल ते होईल. आणि नवा ट्रस्ट मृत्युपत्रातून उभा राहत असेल, तर मृत्युपत्राचा अंमल ज्याच्या हाती सोपवला त्याला मृत्यूपासून सहा महिन्यांत, किंवा प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाचं शिक्कामोर्तब, आधी मिळालं तर त्यानंतर महिन्यात, नोंदणीचा अर्ज करावा लागतो. तेराव्यानंतर घर सावरत असलेल्या माणसाच्या डोक्यावर ही मुदत का टाकायची?

दिव्याविषयी लिहायला मन धजत नाही, पण लिहायला हवं. मद्रासकडे एका विधवेनं नवऱ्याच्या समाधीची पूजा कायम चालावी म्हणून मिळकत लावून दिली होती. १९५३ साली सर्वोच्च न्यायालयानं ती व्यवस्था मानली नाही. समाधीच्या पूजेसाठी कायमची मिळकत अडकवून ठेवणं हे हिंदू धर्मशास्त्राला मान्य असलेलं धर्मकृत्य नाही, असं ठरलं. तुझं वृंदावन आतोबांच्या अस्थींवर आहे. उद्या कुणी बोट ठेवलं तर हाच निकाल पुढे येईल.

पारशी लोकांनी अशीच लढाई जिंकली, ती तुला सांगायलाच हवी. त्यांच्या वर्षाच्या शेवटी मुक्तादचे दिवस येतात. गेलेल्यांचे आत्मे घरी येतात असा विश्वास, म्हणून फुलं सजवतात, प्रार्थना म्हणवून घेतात. अनेकांनी मृत्युपत्रात त्यासाठी पैसे ठेवले. १८८७ साली मुंबई उच्च न्यायालयानं म्हटलं की यात लोकांचं काही भलं नाही, हा धर्मादाय नव्हे. वीस वर्षं तो निकाल राहिला. मग १९०७ साली न्यायमूर्ती दिनशा दावर यांच्यापुढे तोच प्रश्न आला. ते स्वतः पारशी. एखाद्या धर्मात पुण्य कशाला म्हणतात हे त्या धर्माच्या माणसांना विचारायचं, इंग्लंडच्या चर्चच्या मापानं मोजायचं नाही, या वाटेनं ते गेले आणि मुक्तादसाठीचं दान वैध ठरवलं. पुढच्याच वर्षी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे दावर ते हेच. त्या शिक्षेसाठी आपण त्यांना विसरलेलो नाही. हा निकालही लक्षात ठेवावा असं मला वाटतं.

पण आत्या, समाजाचं व्रत आणि एका घरातली आठवण यांत कायदा फरक करतो. दिव्यासाठी मिळकत अडकवू नकोस. ताईला सांग. ती लावील.

माझ्या वकिलीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातलं एक प्रकरण तुला कधी सांगितलं नाही. एका म्हाताऱ्यांनी सगळी शेतजमीन एका संस्थेला दिली. सही इस्पितळात झाली. दोन्ही साक्षीदार संस्थेचेच, कागदही त्यांनीच करून आणलेला. जिनं बापाचं पाच वर्षं केलं त्या मुलीला हे कळलं तेराव्याच्या दिवशी. मी संस्थेच्या वकिलांची ज्युनिअर होते. उलटतपासणी संपल्यावर ती मला पायऱ्यांवर भेटली आणि म्हणाली, "देवाला दिलं याचं दुःख नाही बाई. मला सांगितलं असतं तर मीच आणून दिला असता सातबारा." दावा अकरा वर्षं चालला. त्यातल्या एकाही वर्षी त्या जमिनीत कुणी पेरलं नाही.

अशा मृत्युपत्रांकडे न्यायालय कसं पाहतं त्याचा पाया १९५८च्या एका निकालात आहे, आणि तो लिहिणारे न्यायमूर्ती गजेंद्रगडकर तुझ्या जिल्ह्यातल्या साताऱ्यात जन्मलेले. इतर दस्ताचा करणारा साक्षीला येऊ शकतो, मृत्युपत्राचा करणारा येऊ शकत नाही. म्हणून ज्याला लाभ होतो त्यानंच ते करण्यात पुढाकार घेतला असेल तर मनातली प्रत्येक शंका त्यानंच दूर करायची. मग लाभ घेणारी संस्था कितीही पवित्र असो.

मरणाच्या दारातल्या दानाचा हा धाक कायद्याला फार जुना आहे. इंग्लंडनं १७३६ साली त्यासाठी कायदा केला. आपल्या १९२५च्या वारसा कायद्यातलं ११८वं कलम त्याच वळणाचं होतं: पुतण्या, भाची किंवा त्याहून जवळचं कुणी असेल, तर धर्मादाय दानाचं मृत्युपत्र मृत्यूआधी किमान बारा महिने केलेलं हवं आणि केल्यावर सहा महिन्यांत सरकारी जागी जमा केलेलं हवं. हिंदू-मुसलमानांना ते लागू नव्हतं. भार पडला मुख्यतः ख्रिस्ती लोकांवर. इंग्लंडनं आपली बंधनं १९६०मध्ये काढली, आपल्याकडे मात्र कलम राहिलं. शेवटी केरळचे फादर जॉन वल्लमट्टम सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००३ साली समानतेच्या हक्काविरुद्ध म्हणून ते रद्द झालं. रद्द झालं ते न्यायाचंच झालं. एका समाजाच्या श्रद्धेवरच संशय का घ्यायचा?

कायद्याची मर्यादा दुसऱ्या प्रकारचीही असते. मुसलमानांत मृत्युपत्रानं द्यायची मर्यादा एक तृतीयांश, वारसांची संमती असेल तर जास्त. गोव्यात मुलं असतील तर निम्म्याला हात लावता येत नाही, मग द्यायचं देवळाला असो की चर्चला. आपल्याला स्वकमाईवर अशी मर्यादा नाही. म्हणून ती तू स्वतः घालावीस असं मला मनापासून वाटतं.

माझं म्हणणं असं. घराचा तुझा हिस्सा मुलांना राहू दे. तुझ्या नोकरीतल्या फंडाची ठेव पूर्ण तुझी आहे, तिच्यातून दे. देवळाचा ट्रस्ट नोंदलेला असेल तर त्याचं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, रक्कम आणि काम लिही: नैवेद्य की घाटाच्या पायऱ्या की मुलींच्या फिया. यातलं काही आजच हातानं देऊन पावती घेतलीस तर तुला ते डोळ्यांनी दिसेल. साक्षीदार दोन हवेत, देवळाशी संबंध नसलेले. तुझे डॉक्टर आणि शेजारच्या बाई चालतील. आणि सब-रजिस्ट्रारकडे जाण्याआधी कागद दादा आणि ताईसमोर मोठ्यानं वाच. दादा चिडेल कदाचित. तुझ्यासमोर चिडू दे, कोर्टात नको.

मी येत्या शनिवारी सकाळच्या एसटीनं येते. उताऱ्याची ताजी नक्कल काढून ठेव. दादाला फोन मात्र तू कर, मी नाही करणार.

तुझी भाची