राऊटरवरचा रुमाल

‘अगं, तुझा आवाज तुटतोय...’

एका ज्येष्ठ अभिनेत्रीची मुलाखत. तीन आठवडे मागे लागून मिळवलेली. गप्पा ऐन रंगात आल्या आणि स्क्रीनवर ते गोल गोल फिरणं सुरू! पाच मिनिटांनी मी परत आले, तर बाई निघून गेलेल्या. संध्याकाळी संपादकांचा मेसेज, ‘बघू पुढच्या वेळी.’ फ्रीलान्सिंग करणाऱ्यांना या वाक्याचा अर्थ सांगायला नको.

मग मी तेच केलं, जे तुम्हीही केलं असतं. 100 एमबीपीएसचा प्लॅन 200चा केला. फरक? शून्य!

शेवटी आयटीतला एक मित्र घरी आला. लॅपटॉपकडे त्याने पाहिलंही नाही. ‘राऊटर कुठाय?’ एवढंच विचारलं. राऊटर होता हॉलच्या टोकाला, शोकेसमध्ये, टीव्हीच्या मागे. पाठीशी आरसा, शेजारी पितळी समई आणि डोक्यावर आईने विणलेला क्रोशाचा रुमाल!

‘धूळ बसते गं त्यावर,’ आई म्हणाली.

मित्र हसून लोळायचाच बाकी होता. आरसा आणि धातू सिग्नल अडवतात, रुमालाने तो बिचारा तापतो. पण खरा गुन्हा माझाच. चार वर्षांपूर्वी ‘स्वस्त आहे ना, चालेल’ म्हणत मी घेतलेल्या त्या राऊटरचे पोर्टच 100 एमबीपीएसचे! 200चा प्लॅन घेऊनही घरात 100च्या वर काही येणं शक्यच नव्हतं. शिवाय बँड एकच, 2.4 गिगाहर्ट्झ. म्हणजे बिल्डिंगमधल्या सगळ्या राऊटर्सची आणि आमच्या मायक्रोवेव्हचीही गर्दी तिथेच.

नवा घेताना दोनच गोष्टी बघितल्या : गिगाबिट पोर्ट आणि ड्युअल बँड. 5 गिगाहर्ट्झ वेगवान, पण जाड भिंतींपुढे दमतो. 2.4 लांब पोचतो, पण हळू. त्यासाठी चॅनल 1, 6 किंवा 11पैकी सगळ्यात रिकामा निवडायचा, कारण हे तिघं एकमेकांच्या पायात येत नाहीत. राऊटर पॅसेजमध्ये, उंचावर, मोकळा ठेवला. माझ्या टेबलापर्यंत साधी लॅन केबल ओढली. मुलाखतीच्या वेळी वाय-फायवर भरवसा नाही, म्हणजे नाही! अॅडमिनचा ‘admin’ हाच पासवर्ड बदलला, डब्ल्यूपीएस बंद केलं, फर्मवेअर अपडेट केलं. एकूण वेळ, एक तास.

सगळं झाल्यावर मी आईला म्हटलं, ‘आता मावशीला लाव व्हिडिओ कॉल.’

तर ती म्हणाली, ‘तुझं काम नाहीये ना आत्ता?’

तेव्हा कळलं. माझं नेट अडतंय ते आपल्यामुळेच, असं समजून आईने महिनाभर नागपूरच्या मावशीला व्हिडिओ कॉलच केला नव्हता. मी घरी असले की फोनचं वाय-फायसुद्धा बंद. आणि मी? ‘नेट कोण खातंय?’ असं दारातून ओरडणारी मीच.

व्हिडिओ कॉलला जेमतेम दोन-तीन एमबीपीएस लागतात. हे मी तिला सांगितलं, पण जरा उशिराच.

परवा माझी मुलाखत चालू असताना हॉलमधून दोघी बहिणींचं खिदळणं ऐकू येत होतं. एकाही फ्रेमने दगा दिला नाही. क्रोशाचा रुमाल आता फ्रीजवर आहे. शोभतोही छान!