कच्ची वही

शाळेत कच्च्या कामाला गुण नव्हते. उत्तरपत्रिकेच्या कडेला रेघ ओढून तिथे गुणाकार-भागाकार उरकायचे आणि तपासणाऱ्याची नजर तिकडे जाऊ नये अशी इच्छा करायची. वर्गातही तेच. उत्तर पक्कं झाल्याशिवाय बोट वर करायचं नाही. गप्प राहून सोडवतो तो हुशार, असा आमगावकडचा आमचा समज.

बाबांच्या कामात मात्र कच्च्या वहीचा मान मोठा होता. ते राइस मिलमध्ये हिशेब लिहीत. नवा धान येऊ लागला की काट्यावरच्या प्रत्येक गाडीची नोंद आधी त्या लांबट वहीत होई: पोती, वजन, ओलाव्यापोटी केलेली वजावट. आकडा चुकला तर त्यावर एक आडवी रेघ आणि शेजारी नवा आकडा. मी रबर पुढे केला तेव्हा म्हणाले, "खोडून टाकलं तर चुकलं कुठं ते कसं समजन?" रात्री पक्क्या वहीत सगळं सुवाच्य अक्षरात उतरे, पण वजनावरून वाद झाला की उघडली जाई ती कच्चीच.

गोंदियात इंजिनिअरिंगला गेलो तेव्हा वहीऐवजी जर्नल आलं. सीनियरचं बघून प्रोग्राम उतरवायचा, आउटपुट चिकटवायचं, सही घ्यायची. त्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

मग महाराष्ट्र एक्स्प्रेसने पुणं, कॉट बेसिसची खोली आणि मोठ्या कंपन्यांच्या मुलाखतींची तयारी. गेल लाकमन मॅकडॉवेल यांचं 'क्रॅकिंग द कोडिंग इंटरव्ह्यू', लीटकोडवरचे प्रश्न, ॲरे, ट्री, ग्राफ, डायनॅमिक प्रोग्रॅमिंग. प्रश्न सुटू लागले. अडचण निराळीच निघाली. पाऊण तासाच्या मुलाखतीत समोरचा माणूस उत्तरापेक्षा तिथवरची वाट ऐकायला बसलेला असतो. साधी, वेळखाऊ पद्धत आधी सांगा, तिला किती वेळ लागेल ते सांगा, मग सुधारा. आणि हे सगळं बोलत बोलत. घरी पोवारी, बाजारात हिंदी, शाळेत मराठी अशा वळणाने आलेल्या माझ्या तोंडून अर्धवट विचार इंग्रजीत फुटेना. तिरोड्याचा रूममेट वैतागून म्हणाला, "अबे, आधी मराठीत तं बोल!" तसं करू लागलो. "बेरीज ठरावीक येईल अशी जोडी शोधायची आहे. सगळ्या जोड्या तपासल्या तर एन-वर्ग वेळ. त्यापेक्षा बघितलेले आकडे हॅशमॅपमध्ये ठेवू..." इंग्रजी मागाहून आलं, फारसा त्रास न देता.

बोलत बोलत केलेल्या या कच्च्या कामाची किंमत कळायला बायनरी सर्चचा इतिहास पुरेसा आहे. दरवेळी मधली नोंद बघायची आणि निम्म्या नोंदी सोडून द्यायच्या; दहा लाख क्रमवार नोंदींतली एक हुडकायला फार तर वीस पायऱ्या. कल्पना शाळकरी पोरालाही समजेल. पण जॉन बेंटली यांनी बेल लॅब्ज आणि आयबीएममधल्या प्रोग्रामरांना दोनेक तास देऊन ते लिहायला लावलं, तेव्हा बहुतेकांच्या कोडमध्ये चुका निघाल्या. पुढे 2006 मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी दाखवलं की जावाच्या लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्येच सुमारे नऊ वर्षं चूक दडून होती. मधली जागा काढायला दोन टोकांची बेरीज करून दोनाने भागायचं, तर ॲरे प्रचंड असल्यास बेरीजच 2,147,483,647 ची मर्यादा ओलांडते. बेंटलींनी सिद्धतेसह छापलेल्या कोडमध्येही तीच चूक होती. पक्क्या दिसणाऱ्या उत्तरातही चूक लपते; तिथवरची वाट समोर असली तर ती शोधता येते.

या मुलाखती न्याय्य आहेत असं मी म्हणणार नाही. होमब्रू बनवणारे मॅक्स हॉवेल यांनी 2015 मध्ये जाहीर लिहिलं की, आपलं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या गूगलने फळ्यावर बायनरी ट्री उलटवता आलं नाही म्हणून आपल्याला नाकारलं. नोकरीतलं रोजचं काम वेगळं असतं, हे आता नोकरीत असल्याने खात्रीने सांगतो. शिवाय महिनोन् महिने कमाईविना तयारी करणं धानाच्या एका पिकावर चालणाऱ्या घराला परवडत नाही. ही चाळणी बुद्धीइतकीच सवडीचीही आहे.

रविवारी संध्याकाळी मी आपल्याकडच्या मुलांच्या सराव-मुलाखती घेतो. सालेकसा, देवरी, अर्जुनी-मोरगाव, कुठलेही असा, फोन करा. पोवारीत बोला, झाडीबोलीत बोला, चुकीचं बोला. फक्त पहिल्या मिनिटापासून बोला.