केसपेपरवर नसलेली गोळी

तरुण बाईला पक्षाघाताचा झटका आला की आम्ही नातेवाइकांना विचारतो, काही औषधं चालू आहेत का? उत्तर बहुधा ‘नाही’ असंच येतं. मेंदूविकारांच्या वॉर्डात काम करताना हे ‘नाही’ इतक्यांदा ऐकलं आहे, की आता मी त्यावर विसंबत नाही. खोटं कुणी बोलत नसतं. बीपीची, साखरेची, थायरॉइडची गोळी लोक औषधात धरतात. मूल राहू नये म्हणून किंवा पाळी पुढे ढकलायला घेतलेली गोळी आजारासाठी नसतेच, म्हणून ती कुणी मोजत नाही. शिवाय उत्तर देणारा नवरा, सासरा किंवा भाऊ असतो. त्याला ती माहीत नसते, किंवा चारचौघांत सांगायची नसते. माझं म्हणणं एवढंच, की अशा झटक्यावरचा उपचार या गोळीचं नाव घेऊन विचारण्यापासून सुरू होतो, आणि नेमकं तेच आपण टाळतो.

हा प्रश्न उपचाराच्या दृष्टीने का मोलाचा, ते सांगते. रोहिणीत गुठळी अडकून एक हात-पाय लुळा पडला, वाचा गेली, तर गोळी घेतली असो वा नसो, उपाय तोच : साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, आणि मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर निवडक रुग्णांत 24 तासांपर्यंत नळी घालून गुठळी काढणं. पण या गोळ्यांतल्या इस्ट्रोजेनमुळे मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या नीलांतही गुठळी होते, आणि तो आजार सोंगं फार घेतो. काही दिवस वाढत जाणारी डोकेदुखी, उलट्या, अंधुक दिसणं, मग एकदम फिट. सुरुवातीला हे सगळं पित्तावर, अर्धशिशीवर किंवा उपवासावर ढकललं जातं. साधा सीटी स्कॅन कधीकधी अगदी नॉर्मल येतो. गोळीचं कळलं तर डॉक्टर नीलांचा खास स्कॅन, म्हणजे व्हेनोग्राफी, मागतो. न कळल्यास डोकेदुखीची गोळी देऊन घरी पाठवण्याची शक्यता मोठी. निदान झाल्यावर द्यायचं औषध हेपॅरिन, आणि या गुठळीमुळे मेंदूत रक्तस्राव झाला असला तरीही तेच. नातेवाईक इथे हबकतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. परंतु रक्ताची परतीची वाट तुंबल्यामुळे दाब वाढून बारीक वाहिन्या फुटलेल्या असतात. वाट मोकळी झाल्याशिवाय स्राव थांबायचा कसा? 1991 साली प्रसिद्ध झालेली जर्मनीतली हेपॅरिनची चाचणी अवघ्या 20 रुग्णांवर थांबवावी लागली, कारण हेपॅरिन मिळालेले रुग्ण उघडच अधिक सुधारत होते. पुढे साधारण तीन महिने ते वर्षभर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या. इस्ट्रोजेन कायमचं बंद. मात्र गर्भनिरोधन बंद करून चालत नाही, कारण या गोळ्यांतलं वॉरफेरिन गर्भाला घातक असतं. तेव्हा तांबी किंवा दुसरं इस्ट्रोजेनविरहित साधन आधी ठरवायचं आणि मगच डिस्चार्ज द्यायचा. डिस्चार्ज कार्डावर ही ओळ मला क्वचितच दिसते.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की धोका इतका लहान असताना एवढा बाऊ कशाला? धोका लहान आहे, हे खरंच. 1960 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या पहिल्या गोळीत इस्ट्रोजेन सुमारे 150 मायक्रोग्रॅम होतं. आपल्या सरकारी माला-एनमध्ये ते 30 आहे. डेन्मार्कमधल्या 16 लाख स्त्रियांच्या नोंदींवरून 2012 साली निघालेल्या निष्कर्षांत रोहिणीतल्या गुठळीचा झटका वर्षाला लाखामागे सुमारे 21 जणींना आला, आणि 30 ते 40 मायक्रोग्रॅमच्या गोळ्यांनी तो धोका सुमारे 1.3 ते 2.3 पट झाला. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर गुठळीचा धोका याहून बराच मोठा असतो. ब्रिटनमध्ये 1995 साली काही गोळ्यांबद्दल सरकारी इशारा निघाला, घाबरलेल्या बायकांनी गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी गर्भपात वाढले. भीती पसरवण्याची किंमत बायकाच मोजतात, हे मला पूर्ण मान्य आहे.

पण हा हिशेब गर्भनिरोधनाचा आहे. गणपतीला, सत्यनारायणाला, लग्नाला पाळी येऊ नये म्हणून घेतलेल्या गोळीला तो लागू पडत नाही. तिथे तराजूच्या दुसऱ्या पारड्यात गरोदरपण नसतं; असते ती फक्त वेळेवर येणारी पाळी. त्यासाठी बहुतेक वेळा नॉरएथिस्टेरॉन दिवसाला 15 मिलिग्रॅम घेतलं जातं. तेच औषध गर्भनिरोधक ‘मिनी पिल’मध्ये 0.35 मिलिग्रॅम असतं, म्हणजे मात्रा चाळीस पटींहून जास्त. एवढ्या मात्रेत शरीर त्यातल्या काही भागाचं इस्ट्रोजेन बनवतं, जवळपास इस्ट्रोजेन असलेल्या नेहमीच्या संयुक्त गोळीइतकं. ‘यात इस्ट्रोजेन नाही’ हे मेडिकलच्या काउंटरवरचं आश्वासन म्हणून अर्धंच खरं. त्यावर कडक उपवास, पाणी कमी, आणि जोडीला रक्तक्षय. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटने मेंदूच्या नीलांतल्या गुठळीच्या 428 रुग्णांच्या नोंदी अभ्यासल्या, त्यांत सुमारे 18 टक्क्यांना रक्तक्षय होता आणि सुमारे 11 टक्के गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या होत्या. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, हे इथे विसरता येत नाही. अमेरिकेत 1970 च्या सिनेट सुनावण्यांनंतर गर्भनिरोधक गोळ्यांच्या पाकिटात धोक्यांची माहिती घालायला लावली गेली. आपल्याकडे स्ट्रिपमधल्या सहा गोळ्या कात्रीने कापून कागदी पुडीत मिळतात, तिथे माहितीपत्रक कुठून येणार!

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : चौकशा वाढल्या की बायकांना गोळी मिळणंच अवघड होईल. चिठ्ठीची सक्ती वाढवा, असं मी म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचे निकष साधे आहेत. अर्धशिशीच्या आधी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा येतात का, बीपी वाढलेलं आहे का, पस्तिशीनंतर सिगारेट चालू आहे का, पूर्वी कधी गुठळी झाली होती का. बीपी मोजायला दोन मिनिटं लागतात आणि ते आशाताईंनाही जमतं. यांतलं एकही ‘हो’ आलं, तर संयुक्त गोळीऐवजी दुसरं साधन सुचवावं. यात कुणाची अडवणूक होत नाही. उलट जिला गोळी सोसते, ती निर्धास्तपणे घेऊ शकते.

वाचणाऱ्या बायकांना माझी विनंती आहे. गोळी कोणत्याही कारणाने चालू असेल, दोन दिवसांसाठी का होईना, तिच्या स्ट्रिपचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा. डोकं कधी नव्हे इतकं दुखू लागलं, तोंड वाकडं झालं, हात उचलेना किंवा बोलणं अडखळलं, तर सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात तडक जा. आणि डॉक्टरांनी विचारलं नाही, तरी गोळीचं नाव आपणहून सांगा.