तात्पुरतं



कांद्याची लागण चालू आहे, पण आजची नोंद पिकाची नाही, गाडीची आहे. ज्यांच्या दारात जुनी पेट्रोल गाडी आहे त्यांनी तेवढी वाचा.

आमची मारुती ८००, कार्बोरेटरवाली, १९९८ ची. चाकणच्या बाजाराला, खताच्या पोत्याला, आईच्या दवाखान्याला अजून तीच जाते. आठ-दहा दिवस आई म्हणत होती, "अरे, संध्याकाळी तुझी गाडी आली की गोठ्यात रॉकेलसारखा वास मारतो." मी म्हणायचो, जुनी गाडी आहे, मारणारच.

परवा तळेगाव चौकात पाऊण तास अडकलो. कंपन्यांची शिफ्ट सुटलेली, कंटेनरमागं कंटेनर. गाडी चांगलीच तापली. घरी आलो आणि नेहमीसारखी शेडात लावली. एका बाजूला कडब्याची गंजी, पलीकडं गोठा. तेवढ्यात आई डासांसाठी धूर करायला घमेल्यात पेटत्या शेणी घेऊन आली. आणि त्याच वेळी मला पेट्रोलचा वास आला. साधा नाही, भपकारा. "आई, तिथंच थांब, मागं फीर!" असा ओरडलो की बैल उठून उभे राहिले.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते, आणि विस्तव दहा पावलांवर असला तरी त्याच्यापर्यंत पोचते. हे मला माहीत होतं. माहीत असून आठ-दहा दिवस वासाकडं कानाडोळा केला.

गाडी चालू केली नाही. मी आणि भाच्यानं ढकलत खळ्यावर नेली. गाडीखाली वर्तमानपत्राचे कागद अंथरले आणि बॅटरीवर चालणारी टॉर्च घेऊन लांबून बघत बसलो. पंधरा मिनिटांत चार-पाच थेंब पडले, मग बंद. सकाळी कागद कोरडा, नुसता पिवळट डाग.

ड्रिपची गळती शोधताना आपण काय करतो? पंपापासून पाइपाच्या कडेकडेनं चालत जातो, आणि पाणी कधी गळतं, मोटार चालू असताना की बंद असताना, ते बघतो. इथं तेच केलं. टाकी किंवा टाकीजवळचा जोड गळत असता तर थेंब रात्रभर पडले असते. थेंब फक्त गाडी बंद केल्यावर थोडा वेळ पडले. म्हणजे इंजिनवरचा पंप पेट्रोल दाबून कार्बोरेटरकडं पाठवतो, तिथंच कुठंतरी भोक. गाडी बंद केली तरी त्या नळीत थोडा दाब उरतो, गरमीनं आणखी वाढतो, आणि तेवढंच पेट्रोल बाहेर येतं.

सकाळी गार इंजिनवर, आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून, एकेक नळी कोरड्या फडक्यानं पुसली आणि बोटानं वाकवून पाहिली. थेंब पडत होते डाव्या चाकाकडं, पण ओल दिसते तिथंच भोक असतं असं नाही. पेट्रोल कडेनं ओघळत खाली आलं होतं. भोक वर होतं, पंपाच्या तोंडाशी.

आणि तिथं काय दिसलं? फवारणी पंपाची पारदर्शक नळी. पिवळी पडलेली, काडीसारखी कडक, तोंडाशी चिरलेली, वर बाइंडिंग वायरचा पीळ. ती मीच घातली होती. दोन वर्षांपूर्वी ऐन लागणीत नळी फुटली तेव्हा, "दोन दिवसांचं काम, तात्पुरतं" म्हणून.

गावात सांगितलं तर जो तो म्हणाला, हे नव्या पेट्रोलमुळं. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून विकायला लागले. ते जुन्या प्रकारच्या रबराला सोसत नाही, हे खरं आहे. आपल्याच उसाचं आणि मक्याचं इथेनॉल आपल्याच जुन्या गाडीला जड जातं, यावर पारावर तासभर बोलता येईल. पण माझ्या गाडीत दोष इथेनॉलचा नव्हता. साधी प्लास्टिकची नळी कुठल्याही पेट्रोलमध्ये कडक होऊन चिरतेच. दोष माझा.

पिंपरीहून इंधनाचा खरा पाईप आणला. त्यावर एसएई जे३० आर७ असा शिक्का असतो, तो बघूनच घ्या, आणि इथेनॉलला चालतो का तेही दुकानदाराला विचारा. एकच तुकडा न बदलता रबरी नळ्या सगळ्या बदलल्या, परतीचीसुद्धा. पाईप धारदार ब्लेडनं सरळ कापला. नवा फिल्टर लावताना बाण इंजिनाकडं ठेवला. वायरचे पीळ काढून क्लिपा बसवल्या. सांडलेलं पेट्रोल पत्र्याच्या डब्यात धरलं, शेजारी वाळूची बादली ठेवली. ज्याला हे जमत नाही त्यानं गाडी चालवत नेऊ नये, मिस्त्रीला घरी बोलवावं.

भाचा एमआयडीसीत ठेक्यावर जोडणीच्या कामाला आहे. त्यानं खिशातून पिवळा मार्कर काढला आणि आवळलेल्या प्रत्येक क्लिपवर एक ठिपका दिला. म्हणाला, "मामा, आमच्याकडं ठिपका नसला की काम झालं नाही असंच धरतात."

दोन संध्याकाळी परत कागद अंथरला. कोरडा. डागही नाही. तेव्हा कुठं गाडी शेडात घेतली.

मग भाचा म्हणाला, "आता आणखी कुठं कुठं तात्पुरतं केलंय ते दाखव." आम्ही विहिरीवर गेलो. स्टार्टरच्या पेटीत फ्यूजच्या जागी जाड तार होती. कडबाकुट्टीच्या वायरला सायकलच्या ट्यूबची पट्टी. दोन्ही माझीच कामं, दोन्ही दोन दिवसांसाठी केलेली. रविवारी ती दोन्ही बदलली. ड्रिपच्या नळीवरची ट्यूब मात्र तशीच ठेवली. तिथं फार तर पाणी वाया जातं.

तुमच्याकडंही असेल असं काहीतरी. आज अंधार पडायच्या आत एक चक्कर मारा.