बिनसाखरेची बैठक

वाचकहो, मराठी घरातला चहा कसा असतो, हे आपणांस सांगावयास नको. ठेचलेले आले, भरपूर दूध आणि सढळ हाताने घातलेली साखर! रायपूरच्या तात्यापाऱ्यातील आमच्या घरीही हाच थाट होता. परंतु गेल्या वर्षी सासूबाईंना मधुमेह जडला, साखर बंद झाली आणि दुपारी चार वाजता त्या स्वयंपाकघराकडे फिरकेनाशा झाल्या. साखरेबरोबर आम्हा सासू-सुनांची बैठकही मोडली, हे मला फार उशिरा उमगले.

दिवाळीत माझ्या भावाने चीनच्या फुजियान प्रांतातील पांढऱ्या चहाच्या तीन पुड्या आणल्या. हा चहा मळीत नाहीत, कढईत परतीतही नाहीत. खुडलेली पाने केवळ कोमेजू देऊन वाळवितात. 'बाय हाओ यिन झेन' म्हणजे रुपेरी सुया. त्यात निव्वळ लवदार कोंब. 'बाय मू दान'मध्ये कोंबासह एक-दोन कोवळी पाने. 'शोउ मेइ'मध्ये बहुतांशी जून पाने; म्हणून तो तिघांत स्वस्त.

तुलना करावयाची तर सर्वांना न्याय सारखाच हवा. म्हणून प्रत्येकी तीन ग्रॅम पत्ती, किंचित निवविलेले दीडशे मिलिलिटर पाणी आणि पाच मिनिटांचा अवधी ठेवला.

पहिला घोट घेताच सासूबाई म्हणाल्या, "अगं, हे तर नुसतं पाणी!" दुसऱ्या घोटाला मात्र त्या थबकल्या. "थांब हं, कोवळ्या काकडीचा वास येतोय." दुसऱ्या पेल्यात फुलांचा मंद गंध होता. तिसऱ्याचा रंग मधासारखा. तो चाखून त्या म्हणाल्या, "खारीक उकळल्यासारखी चव आहे. हा माझा!" सर्वांत स्वस्त चहाने बाजी मारली होती.

हा चहा मधुमेहावरील औषध आहे, असा समज मात्र कृपया करून घेऊ नका. यातही कॅफीन असतेच, आणि पथ्य डॉक्टरांनाच विचारावे. आम्हांला लाभ झाला तो निराळा. साखर होती तेव्हा चहा घशाखाली केव्हा उतरे, हेही कळत नसे. आता प्रत्येक घोटापाशी थांबून दोघींना बोलावे लागते.

आपल्या छत्तीसगढमध्येही जशपूर जिल्ह्यात सारूडीह येथे चहाचा मळा आहे. पुढील खेपेस तेथील चहाचा पेला या रांगेत मांडावयाचा, असा सासूबाईंचा हुकूम आहे. चार वाजले की हल्ली हाक त्यांचीच येते.