कुत्रा कुणाचा?

चाकणच्या बाजारात गाय विकायला उभी करायची तर तिच्या कानात पिवळा बिल्ला लागतो. त्यावर बारा आकडी क्रमांक असतो आणि मालक, जात, वय, लसीकरण हे सगळं त्या क्रमांकाला जोडलेलं असतं. बिल्ल्याशिवाय जनावरांची खरेदी-विक्री आणि वाहतूक नाही, असा आदेश महाराष्ट्रात 1 जून 2024 पासून लागू आहे. तो काढण्याआधी 'तुमची मर्जी काय?' असं कुठल्या शेतकऱ्याला विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही. इकडे प्रभात रस्त्यावर रोज सकाळी आपल्या साहेबांना फिरवून आणणाऱ्या लॅब्राडोरच्या मानेत तांदळाच्या दाण्याएवढी चिप घालावी का, एवढं नुसतं निघालं की खर्च, आरोग्य, खासगीपणा, व्यक्तिस्वातंत्र्य असे सगळे मुद्दे एका दमात येतात. गाय बिचारी ग्रामीण पडली.

चिप म्हणजे काचेची बारीक कुपी, साधारण बारा मिलिमीटर लांब आणि दोन मिलिमीटर जाड. आत बॅटरी नाही, म्हणून ती संपण्याचाही प्रश्न नाही. दोन्ही खांद्यांच्या मध्ये, कातडीखाली, जाड सुईने सोडतात. आमच्या चिंगीला ती बसवली तेव्हा तिने खरा तमाशा केला तो टेबलावर चढवताना. सुई आत गेली त्या क्षणी बाईसाहेबांचं सगळं लक्ष मदतनीस मुलाच्या हातातल्या बिस्किटावर होतं. डॉक्टरांनी हातातला स्कॅनर मानेवरून फिरवला, बीप वाजलं, छोट्या पडद्यावर पंधरा आकडे उमटले. चिपच्या पाकिटातून आलेल्या बारकोडच्या स्टिकरांपैकी एक त्यांनी लसीच्या पुस्तकात चिकटवलं आणि बाकीची माझ्या हातात ठेवली. त्यांचं काय करायचं हे मला अजून कळलेलं नाही.

सोसायटीत ही बातमी पोचली तेव्हा पहिला प्रश्न आला, "म्हणजे आता ती कुठे आहे ते मोबाइलवर दिसतं का हो?" दिसत नाही. चिप स्वतःहून कुणालाही काही सांगत नाही. स्कॅनर अगदी जवळ नेला तरच ती आपला क्रमांक देते, आणि तेवढाच देते. मालकाचं नाव, पत्ता, फोन हे चिपमध्ये नसतंच, ते कुठल्या तरी नोंदवहीत असतं. सगळी मेख या 'कुठल्या तरी'त आहे. कुणाची नोंद चिप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर असते, कुणाची केनेल क्लब ऑफ इंडियाच्या कागदांत, कुणाची नुसती डॉक्टरांच्या रजिस्टरमध्ये. देशात कुठेही कुत्रं सापडलं तरी जी उघडून बघावी, अशी एक वही आपल्याकडे नाही.

म्हणजे प्रत्यक्षात काय होतं ते एका दिवाळीत बघायला मिळालं. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्या फाटकाशी उभ्या असलेल्या मोटारीखाली एक लॅब्राडोर शिरून बसला होता. गळ्यातला पट्टा तुटून लोंबत होता आणि प्रत्येक सुतळी बॉम्बला अंग थरथरत होतं. पुण्यात विसर्जनाचे ढोल आणि दिवाळीचे फटाके हा कुत्री हरवण्याचा हंगाम असतो. मोबाइलवरच्या गटांत त्या रात्रीपासून फोटोंची रांग लागते. दुसऱ्या दिवशी त्याला जवळच्या दवाखान्यात नेलं तर तिथे स्कॅनर नव्हता. दुसरीकडे होता. बीप वाजलं, पंधरा आकडे उमटले, आम्ही सगळे हरखलो. डॉक्टरांनी तो क्रमांक संगणकावर शोधला तर पुढे काहीच नाही. नाव नाही, गाव नाही. शेवटी मालक सापडला तो वीजमंडळाच्या डीपीवर कुणी चिकटवलेल्या झेरॉक्सवरून. गृहस्थ भेटले तेव्हा कळलं की आपल्या कुत्र्याच्या अंगात चिप आहे हे त्यांनाच माहीत नव्हतं. ब्रीडरने बसवून दिली होती, आणि नोंद करायचं राहून गेलं होतं.

एवढं बघूनही माझं मत सक्तीच्या बाजूचं आहे. याचं कारण तो लॅब्राडोर नव्हे. त्याच्यासाठी झेरॉक्स काढून गल्लोगल्ली चिकटवणारा माणूस होता. चिप असो-नसो, तो घरी गेलाच असता. माझ्या डोळ्यांसमोर आहेत ते पट्ट्याच्या खुणेसकट कात्रज घाटात किंवा एखाद्या टेकडीच्या पायथ्याशी सोडून दिलेले हस्की. लॉकडाउनमध्ये हौसेने आणलेले, नंतर ऑफिस सुरू झालं, बदली झाली, बाळ झालं, केस फार गळतात, अशा कारणांनी नकोसे झालेले. त्यांचे फोटो मोबाइलवर फिरतात तेव्हा 'हा माझा' म्हणून कुणी पुढे येत नाही. पाळीव जनावर असं टाकून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे आणि पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आज कुत्र्याची चार बिस्किटंही येत नाहीत. पण तो पन्नासचा दंड करायला तरी टाकणारा सापडायला हवा ना! चिप मालकाच्या मर्जीवर ठेवली तर ती नेमकी अशांच्या कुत्र्यांना बसते ज्यांना कुत्रा परत हवा असतो. ज्याला स्वतःला सापडायचंच नाही, तो कशाला आपल्या खर्चाने खूण ठेवून जाईल?

आणि मर्जीचं म्हणाल तर ती जागा बघून बदलते. मुलाला जर्मनीत नोकरी लागली आणि कुत्र्यालाही न्यायचं ठरलं की कुणी वाद घालत नाही. युरोपात नेण्यासाठी आधी चिप, मग रेबीजची लस, मग रक्ताची तपासणी आणि तिच्यानंतर तीन महिन्यांची वाट पाहणं, हा क्रम आपली माणसं तोंडपाठ करतात. लस चिपच्या आधी दिली असेल तर ती धरत नाहीत, हेही निमूट ऐकून घेतात. व्यक्तिस्वातंत्र्याचा मुद्दा बहुधा मुंबईच्या विमानतळावर जमा करून जात असावेत.

इंग्लंडने 6 एप्रिल 2016 पासून प्रत्येक कुत्र्याला चिप सक्तीची केली, आणि चिप नसेल तर दंड पाचशे पौंडांपर्यंत. तिथेही नोंदवह्या अनेक आहेत, आणि घर बदलल्यावर पत्ता बदलायला लोक विसरतात ते विसरतातच. जपानने जून 2022 मध्ये निराळी वाट धरली. विकणाऱ्यावर पूर्ण सक्ती, आणि ज्यांच्या घरी कुत्रा आधीपासून आहे त्यांनी मात्र प्रयत्न करावा, एवढंच. मला ही वाट शहाणपणाची वाटते, कारण कुत्र्याच्या आयुष्यात पैशाचा मोठा व्यवहार एकदाच होतो आणि तो तिथे होतो. आपल्याकडेही 2017 च्या श्वानप्रजनन नियमांत ब्रीडरवर नोंदणीचं आणि मायक्रोचिपचं बंधन आहेच. कागदावर. फ्लॅटच्या बाल्कनीत पिल्लं वाढवून मोबाइलवर विकणाऱ्याला ते नियम माहीतही नसतात. चेन्नई महापालिकेने 2025 मध्ये एकदम सगळ्यांवर परवाना आणि चिपची सक्ती केली, पाच हजार रुपये दंड लावला, आणि मग रांगा बघून मुदत वाढवत बसली. पुणे महापालिकेचा कुत्र्याचा परवाना तर जुनाच. रेबीजच्या लसीचा दाखला आणि पत्त्याचा पुरावा दाखवून तो घ्यायचा, दरवर्षी नव्याने. ओळखीच्या कुत्रेवाल्यांत विचारून बघा, किती जणांनी घेतलाय. ज्या वाघ्याचा पुरावा इतिहासकार अजून शोधताहेत त्याचं स्मारक रायगडावर उभं आहे, आणि जो रोज सकाळी वेताळ टेकडीवर तुमच्या पायात येतो त्याची नोंद महापालिकेच्या दप्तरात नाही.

हा घोळ आजचा नाही. जून 1832 मध्ये मुंबईत कुत्र्यांवरून दंगल झाली. बेवारस कुत्री मारायची आणि प्रत्येक कुत्र्यामागे बक्षीस मिळायचं, असा कंपनी सरकारचा नियम होता. बक्षिसापायी शिपाई लोकांच्या दारातली, पाळलेली कुत्रीही ओढून नेतात, अशी लोकांची तक्रार होती. पारश्यांच्या धर्मात कुत्र्याला मान, त्यात त्यांच्या सणाच्या दिवशी ही मोहीम चाललेली. बाजार बंद पडला, गोऱ्या शिपायांची रसद अडली. आता सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये शाळा, रुग्णालयं, बस स्थानकं, रेल्वे स्थानकं इथली भटकी कुत्री हलवायला सांगितलं. उद्या स्वारगेटवरून गाडीत घातलेल्या कुत्र्यांत कुणाचा तरी पट्टा तुटलेला शेरू असणारच. रस्त्यावरच्या नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच असते, गाईच्या कानात बिल्ला असतो. खूण नसते ती फक्त घरच्या कुत्र्याला. म्हणून सक्ती आधी महापालिकेवर हवी: प्रत्येक गाडीत आणि प्रत्येक दवाखान्यात स्कॅनर, आणि शहराची एक वही, परवान्याशी जोडलेली. मग ब्रीडरवर. मग माझ्यावर. हा क्रम उलटा झाला की चिप म्हणजे आणखी एक पावती, आणि पावत्यांना पुणेकर काय करतो ते सगळ्यांना माहीत आहे.

एका गोष्टीचं उत्तर मात्र या क्रमातही बसत नाही. पर्वतीच्या उतारावरच्या वस्तीत रेबीजच्या लसीचं शिबिर होतं, तिथे नावं लिहून घ्यायला मी बसले होते. एक तांबूस गावठी कुत्रा, गळ्यात काळा दोरा, आपणहून येऊन टेबलाखाली आडवा झाला. त्याच्या मागून आलेल्या बाईंना विचारलं, "मावशी, हा तुमचा का?"

"आमचाच की. मोत्या."

"परवाना काढलाय का?"

"मग नाही आमचा," त्या लगेच म्हणाल्या. "असाच असतो इथं."

दंड-बिंड काही नाही, फक्त लस टोचायची आहे, असं सांगितल्यावर मोत्या पुन्हा त्यांचा झाला. त्यांनीच त्याला मांडीत घट्ट धरलं, लस टोचून झाली. मग बोलता बोलता मी चिपचं सांगितलं. पुढेमागे अशीच फुकट बसवली तर चालेल का, असं विचारलं. त्यांची काही हरकत नव्हती.

"टोचा की. पण ताई, नाव कुणाचं लावणार?" शेजारच्या दोन दारांकडे बोट दाखवत त्या म्हणाल्या, "सकाळी मी घालते, दुपारी ती, आणि झोपतो त्यांच्या पोरापाशी."